हवा किती ठेवायची?

वर्गात मी मुलांना एक वाक्य ऐकवायचो. कुणी वही आणली नाही, गृहपाठ केला नाही, मागच्या बाकावरून खिडकीबाहेर बघताना सापडला, की ते तोंडातून आपोआप निघायचं. ‘शिकला नाहीस तर पंक्चर काढत बसशील.’ उर्दूच्या तासाला उर्दूत, मराठीच्या तासाला मराठीत. वर्ग हसायचा. ज्याला बोललो तोही हसायचा. वीस वर्षांत ते किती वेळा बोललो असेन, मोजदाद नाही.

वर्गाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. माझ्या अब्बांचं पंक्चरचंच दुकान होतं.

अब्बा १९७२च्या दुष्काळात उदगीरकडून कल्याणला आले. शेतात काही उरलं नव्हतं. हायवेवरच्या एका मलयाळी उस्तादाकडे त्यांनी टायरचं काम धरलं. पाच-सहा वर्षांनी दुर्गाडीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्वतःची टपरी टाकली. एक कॉम्प्रेसर, एक हॉट पॅचचं मशिन, पाण्याचं घमेलं, दोन लिव्हर, एक जॅक. त्याच टपरीवर आम्ही दोघे भाऊ वाढलो, त्याच पैशातून माझं बी.एड. झालं. बी.एड.च्या अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘स्वतंत्र व्यवसाय’ असं लिहिलं होतं. खोटं नव्हतं, पण का लिहिलं ते मला चांगलं माहीत होतं.

२०२५च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी हिसारच्या सभेत म्हटलं, की वक्फच्या मालमत्तेचा नीट वापर झाला असता, तर मुसलमान तरुणांवर सायकलची पंक्चरं काढायची वेळ आली नसती. वक्फच्या कारभाराबद्दल माझ्या स्वतःच्या तक्रारी कमी नाहीत, त्यामुळे त्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर मी वाद घालणार नाही. पण दुसऱ्या अर्ध्यावर आठवडाभर मोबाइलवर विनोद फिरत राहिले. आमच्या स्टाफरूममध्येही फिरले. एका सहकाऱ्यानं हसत विचारलं, ‘सर, तुम्हाला येतं का हो पंक्चर काढता?’ मी म्हटलं, ‘नाही.’ आणि चहा संपवला.

घरी येताना लोकलमध्ये लक्षात आलं, की त्या सहकाऱ्याचा राग करायचा मला फारसा हक्क नाही. तो विनोद मी त्याच्या कितीतरी आधीपासून करत होतो, आणि माझ्या विनोदाला तीस-चाळीस मुलांचं प्रेक्षागृह रोज हजर असायचं.

मे महिन्यात भाऊ आणि भाभी हजला गेले. दुकान आता पुतण्या बघतो. पण कल्याणच्या दुकानात गल्ल्यावर घरचं माणूस लागतंच. शाळेला सुट्टी होती, म्हणून भाऊ जाताना म्हणाला, ‘तू बस महिनाभर. हिशेब लिही. बाकी पोरगा पाहील.’ टपरीचा गाळा झाला, त्याला चौदा वर्षं झाली. आत व्हील अलाइनमेंटचं मशिन आहे, बॅलन्सिंगचं आहे, गाडी वर उचलायची लिफ्ट आहे. दुकानाच्या पाटीवर मात्र भावानं अब्बांचीच अक्षरं ठेवली आहेत: ‘टायर वर्क्स’.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याहून, घोडबंदर रोडवरून एक गृहस्थ आले. जर्मन बनावटीची दोन दारांची स्पोर्ट्स कार, जमिनीला इतकी टेकलेली, की गाळ्याच्या उंबऱ्यावर चढवायला पुतण्यानं दोन लाकडी फळ्या टाकल्या. त्या फळ्यांना आधीच टायरचे डाग होते, म्हणजे गाडी नेहमीची होती. मी गल्ल्यावरून उठून बघायला गेलो. गाडीपेक्षा मला तिचे टायर विचित्र वाटले. टायरवर नक्षी असते, इथं जवळजवळ नव्हतीच. मधोमध दोन खोल रेघा, बाहेरच्या अंगाला सपाट रबर, थोड्या तिरप्या खाचा. हात लावला तर रबर मऊ, आणि त्यात बारीक खडी रुतलेली. मी म्हटलं, ‘हे तर गुळगुळीत झालेत.’

‘चाचा, नवेच असे असतात,’ पुतण्या म्हणाला. ‘ट्रॅक-डेचे टायर आहेत हे.’

मग त्यानं मला टायर वाचायला शिकवला. वाचायला हाच शब्द त्यानं वापरला. टायरच्या बगलेवर सगळं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. तिरक्या रेघेनंतर बगलेची उंची, रुंदीच्या किती टक्के ते. मग रिमचा व्यास, तो इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. गणिताच्या पेपरात असं लिहिलं तर मी गुण कापेन. शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, वेगाच्या मर्यादेचं. या टायरवर ‘वाय’ होतं, म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. चौकटीतले चार आकडे म्हणजे टायर कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात बनला ते. आणि ‘ट्रेडवेअर’ म्हणून एक आकडा असतो, झिजेचा. १०० हे माप धरलं, तर ४००चा टायर चाचणीत चौपट टिकतो. रोजच्या गाड्यांच्या टायरवर बहुतेक ३००च्या पुढचा आकडा दिसतो. ट्रॅक-डेचे २००च्या आत, काही तर १००च्याही खाली. टिकण्यासाठी ते बनवलेलेच नसतात, धरून ठेवण्यासाठी बनवलेले असतात. रबर रस्त्याला जितकं चिकटेल तितकं झिजेल.

अजून एक ओळ त्यानं बोटानं दाखवली. टायरच्या आत काय काय आहे त्याची यादी असते: पोलाद किती थर, नायलॉन किती. इथं ‘रेयॉन’ होतं. मी थबकलो. कल्याणच्या माणसाला रेयॉन म्हटलं की शहाड आठवतं. लहानपणी कल्याणहून टिटवाळ्याकडे जाताना शहाड आलं की आम्ही नाक दाबायचो. सेंच्युरी रेयॉनचा तो वास अजून आठवतो. पुढे आंबिवलीजवळ मोहोन्याला एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन. ती २००९ साली बंद पडली आणि कामगारांची एक अख्खी वस्ती थकबाकीची वाट बघत बसली. लाकडाच्या लगद्यापासून धागा काढायचा, त्याचं एक रूप साडीच्या सुतात जातं, दुसरं टायरच्या सांगाड्यात. सेंच्युरीत टायरचा धागा बनतो, हे आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घराला माहीत आहे, कारण कुणाचा तरी मामा तिथं पाळीवर असतोच. मला माहीत नव्हतं ते हे, की तो धागा वेगवान गाड्यांसाठी लागतो. रेयॉन तापून वितळत नाही, आकार सोडत नाही. म्हणून ३००च्या वेगाच्या टायरला तो आजही हवा असतो. या टायरमधला धागा शहाडचा होता असं मी म्हणत नाही. पण टायर म्हटलं की लोकांना भांडुपची सीएट आठवते, शहाड कुणालाच आठवत नाही. त्या दिवशी मला आठवलं, एवढंच.

गाडी लिफ्टवर गेली. पुतण्यानं खोली मोजायची छोटी पट्टी काढली आणि प्रत्येक टायर तीन जागी मोजला: बाहेर, मध्ये, आत. मी वहीत लिहीत होतो. पुढच्या डाव्या चाकाचे आकडे: ४.५, ४, २. आत फक्त २ मिलिमीटर. आपल्याकडे कायद्यानं कारला १.६च्या खाली चालत नाही. गृहस्थ म्हणाले, ‘पण दिसायला तर चांगले दिसतायत.’ उभं राहून बघितलं तर खरंच चांगले दिसत होते. आतली बाजू दिसायला गाडीखाली वाकावं लागतं.

असं का झालं, ते समजून घ्यायला पुतण्याची जुनी वही उघडावी लागली. फेब्रुवारीत ही गाडी ट्रेलरवर चढून कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला गेली होती. एस. करिवर्धन यांच्या नावाचा, २.१ किलोमीटरचा तो ट्रॅक. गृहस्थांनी पुतण्याला सोबत नेलं होतं, हवा बघायला. होय, हवा बघायला. मला हे ऐकून हसू आलं होतं. वही वाचल्यावर ते गेलं.

वहीत प्रत्येक पानावर चार चाकांचे चार चौकोन आखलेले, आणि प्रत्येक चौकोनात तीन रकाने: ‘आ’, ‘म’, ‘बा’. आत, मध्ये, बाहेर. गाडी पाच-सहा फेऱ्या मारून आली, की लगेच सुईसारखं टोक असलेला तापमापक रबरात टोचायचा, तीन जागी, चारही चाकांना. मिनिटभर उशीर झाला तरी आकडा खोटा, कारण रबर निवतं. मधला आकडा सगळ्यात जास्त आला तर हवा जास्त झाली, टायर पोटावर चालतोय. दोन्ही कडा जास्त तापल्या तर हवा कमी. बाहेरची कड आतल्यापेक्षा जास्त तापली तर वळणावर चाक बाहेरच्या कडेवर कलंडतंय, म्हणजे चाकाचा वरचा भाग आणखी आत झुकवायला हवा. त्याला कॅम्बर म्हणतात. पहिल्या पानावर डाव्या पुढच्या चाकाचा ‘बा’ ९५ अंश, ‘आ’ ८४. कॅम्बर दीड अंशावरून अडीच अंश. पुढच्या पानावर ‘आ’ ९१, ‘म’ ८८, ‘बा’ ८५. बाजूला बारीक अक्षरात: ‘आता बरं. सर म्हणतात गाडी वळणात ऐकते.’ ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असली की डावी चाकं जास्त मार खातात, म्हणून उजव्या चाकांचे आकडे वेगळे.

हवेचं गणित निराळंच. सकाळी थंड टायरमध्ये २६ पौंड भरायची. रबर तापलं की आतली हवाही तापते, साधारण पाच-सहा अंशांना एक पौंड चढतो. फेऱ्या मारून आल्यावर ३४. मग दोन सोडायची. पुन्हा फेऱ्या, पुन्हा मोजायची. म्हणजे थंड टायरची हवा ही हवाच नव्हे. टायर कामात असताना किती राहील, ते आधी ओळखून मागे मोजत यायचं. आणि संध्याकाळी परतताना ते सगळं उलटं करायचं. ट्रॅकवर सोडलेली हवा घरी जाताना परत भरली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड झालेल्या टायरमध्ये धोकादायक कमी हवा असते. त्या पानावर लाल शाईनं लिहिलं होतं: ‘निघताना भरणे. विसरू नये.’

कडेला एक टीप होती: ‘बुटाची पांढरी पॉलिश.’ ती टायरच्या खांद्यावर रेघेसारखी लावायची. फेऱ्यांनंतर कुठवर पुसली गेली ते बघितलं, की चाक किती कलंडतं ते कळतं. एवढ्या महागाच्या गाडीचं दुखणं बुटाच्या पॉलिशनं कळावं, हे मला फार आवडलं.

अब्बांकडे तापमापक नव्हता. लांबून आलेला ट्रक थांबला, की ते हाताची मागची बाजू टायरला लावत. पंजा नाही, मागची बाजू. मग लोखंडी पाना घेऊन एकेक टायर ठोकत आणि आवाज ऐकत. जोडचाकातलं आतलं चाक दिसत नाही, ते आवाजावरच कळायचं. ‘हा बहिरा बोलतोय,’ म्हणायचे, ‘उतरव.’ ड्रायव्हर कुरकुर करायचे आणि उतरवायचे. आणि कोपऱ्यातलं ते हॉट पॅचचं मशिन! कच्चं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत तडकतं. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधक घालून तापवायची युक्ती सापडली आणि रबर रबर झालं. ट्यूबवर कच्च्या रबराचा तुकडा ठेवून अब्बा स्क्रू आवळायचे, तेव्हा त्या दोन इंचांत तेच घडत होतं. मी शेजारी बसून विज्ञानाचा धडा पाठ करायचो. त्या धड्यात व्हल्कनीकरण होतं. मला कधीही सुचलं नाही, की मान वळवून बघावं.

वहीबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. पुतण्या आठवीत माझ्याच वर्गात होता. अपूर्णांकात तो कच्चा होता. माझं ते वाक्य मी एकदा त्यालाही ऐकवलं होतं. सगळा वर्ग हसला. तो हसला नाही, त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं. वर्गात दुकानाबद्दल माहीत असलेला तो एकटाच होता, आणि त्यानं कुणालाही सांगितलं नाही.

आता त्या २ मिलिमीटरकडे येतो. ट्रॅकवर वळताना जो कल टायरला सपाट बसवतो, तोच कल सरळ रस्त्यावर टायरला आतल्या कडेवर चालवतो. फेब्रुवारीनंतर गृहस्थांनी टायर काढलेच नाहीत. रविवारी पहाटे कसारा, कधी माळशेज. मधले दिवस सोसायटीतून ऑफिस. त्यांच्याकडे घरची साधी चाकं वेगळ्या रिमवर आमच्याच गाळ्यात पडून होती, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, कॉम्प्रेसरपासून लांब. इलेक्ट्रिक मोटरमधून ओझोन निघतो आणि तो रबर खातो, असं पुतण्या सांगतो. पण गृहस्थांना ते बदलवेना. मी विचारलं तर म्हणाले, ‘सर, एकदा ही पकड अनुभवली ना, की साध्या टायरवर गाडी पातळ वाटते.’ मग त्रासही त्यांनीच सांगितले. रस्त्यावरचा प्रत्येक खडा उचलतात आणि चाकाच्या वरच्या पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येतो. पहाटे पहिली दहा मिनिटं रबर गार असतं, तेव्हा साध्या टायरइतकंही धरत नाही. घोडबंदरच्या खड्ड्यात एक रिम वाकला. बगल इतकी कमी उंचीची, की मणक्याला रस्त्याचा सगळा इतिहास कळतो. हे सगळं ते तक्रार म्हणून नाही, कौतुकानं सांगत होते. लाडावलेल्या पोराबद्दल बोलावं तसं.

पुतण्या ऐकून घेतो आणि मग बोलतो. ‘सर, पाऊस तोंडावर आहे. आजच बदलू.’

‘पुढच्या रविवारी एक शेवटची फेरी. मग बदलू.’

पुतण्यानं रजिस्टर उघडलं, चार आकडे लिहिले, खाली लिहिलं: ‘ओल्या रस्त्यावर गाडी काढू नये.’ आणि सहीसाठी पुढे सरकवलं. गृहस्थ हसले, ‘अरे, मी कुठं पळून जातोय?’ पण सही केली.

त्या वर्षी पाऊस कुणासाठीच थांबला नाही. मुंबईत मान्सून २६ मेला दाखल झाला, नेहमीची ११ जून धरली तर सोळा दिवस आधी. त्याच्याही आधीपासून सरी सुरू होत्या. अशाच एका रात्री साडेअकराला पुतण्याचा फोन वाजला. गृहस्थ नाशिककडून परतत होते, माणकोली नाक्याच्या अलीकडे पाऊस गाठला. वेग ताशी साठसुद्धा नव्हता. पुढं साचलेलं पाणी होतं, त्यावर गाडी गेली आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरलं. साध्या टायरच्या खाचांतून पाणी बाजूला फेकलं जातं. दोन रेघांच्या, झिजलेल्या टायरला पाणी सारायला जागाच नसते, तो पाण्यावर तरंगतो. गाडी अर्धी फिरून दुभाजकापासून हातभर अंतरावर थांबली. मागून त्या क्षणी ट्रक येत नव्हता. नाशिक हायवेवर त्या वेळी मागून ट्रक नसणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको.

आम्ही पिकअपमध्ये चार साधी चाकं टाकली आणि दुर्गाडीच्या पुलावरून, कोनवरून, रांजणोलीला हायवेला लागलो. गृहस्थ कडेला छत्रीशिवाय उभे होते. ओरडून बोलत होते, हात थरथरत होते. पुतण्यानं आधी त्यांना पिकअपमध्ये बसवलं, थर्मासमधला चहा दिला. मग मागे त्रिकोण ठेवला, दुसऱ्या चाकांना दगड लावले आणि मला टॉर्च दिली.

‘चाचा, इथं धरा. जवळ. आता शिकाच पंक्चर काढायला.’

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, तो बोल्ट सैल करत होता. पावसात मला नीट दिसत नव्हतं, पण तो हसत असावा. मी म्हटलं, ‘तुला आठवतं ते?’

‘सगळ्या वर्गाला आठवतं, चाचा. गेट-टुगेदरला तुमची नक्कल करतात.’ मग म्हणाला, ‘टॉर्च हलतेय.’

मी टॉर्च स्थिर धरली. चार चाकं बदलायला पाऊण तास लागला. बोल्ट त्यानं चांदणीच्या क्रमानं आवळले, शेवटी टॉर्क पान्याचा ‘टक्’ आवाज प्रत्येकाला ऐकला. गृहस्थांना म्हणाला, ‘पन्नास-शंभर किलोमीटर झाले की परत आवळायला या. हळू जा.’ त्यांनी खिशातून पैसे काढले, किती ते बघितलं नाही, पुतण्याच्या हातात कोंबायला लागले. त्यानं पाचशेच्या तीन नोटा वेगळ्या केल्या आणि बाकी परत दिले. रात्रीच्या फेरीचा दर तोच आहे. पाटीवर लिहिलेला आहे.

गाळ्यावर परतलो तेव्हा दोन वाजत आले होते. उतरवलेले टायर आत ठेवले. माझी जुनी वॅगन-आर बाहेर उभी होती. मी किल्ली शोधत होतो, तोवर पुतण्या टॉर्च घेऊन तिच्या मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला.

‘चाचा, हे वाचा बरं.’

मी वाकलो. चौकटीत चार आकडे: ३२१६.

‘बत्तिसावा आठवडा,’ मी म्हटलं, ‘दोन हजार सोळा.’

‘नऊ वर्षं होतील ऑगस्टमध्ये. बगल तडकलीय, ही बघा. उद्या सकाळी लिफ्टवर लावा.’

मी विचारलं, नव्या चारांना किती पडतील. तो हवेचं मीटर आणायला आत गेला होता, तिथूनच म्हणाला, ‘ते उद्या. आत्ता घरी जाण्याएवढी हवा आहे का, ते आधी बघू द्या.’